खरं घड्याळ कोणतं?

जुन्या ऑटोमॅटिक घड्याळांचा नाद लागला की किंमत नंतर येते. पहिला प्रश्न असतो, "हे खरं का?" आणि खरं-खोटं ठरवायला थोडा इतिहास लागतोच.

मनगटी घड्याळाने आपली चावी आपणच घ्यावी, ही युक्ती प्रत्यक्षात विकायला आणली जॉन हारवूड या इंग्रज घड्याळजीने. दुरुस्ती करताना त्याने पाहिलं की धूळ आणि ओल चावीच्या बोंडापासून आत शिरते. मग ते बोंडच नको! १९२४ साली त्याला स्विस पेटंट मिळालं. त्याच्या घड्याळातलं वजन पूर्ण फिरत नसे, दोन स्प्रिंगांमध्ये आपटत राही. १९३१ मध्ये त्याचा धंदा बुडाला आणि त्याच वर्षी रोलेक्सने पूर्ण गोल फिरणारं वजन आणलं. १९४८ मध्ये एटर्नाने ते बॉल बेअरिंगवर बसवलं. त्यातले पाच छर्रे पुढे कंपनीचं चिन्हच झाले.

आपल्या ओळखीचं म्हणजे सिको ५, मूळ १९६३ सालचं. त्याची परीक्षा सोपी आहे. मागच्या झाकणावर '७००९-' असा आकडा असेल तर आतल्या मशीनवरही ७००९च हवा. अनुक्रमांकातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिना. (ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबरला 'एन', डिसेंबरला 'डी'.) दशक मात्र मशीनवरून ओळखायचं.

तबकडी भडक रंगवलेली, आतले भाग तीन घड्याळांचे, असा नग दिसला की परदेशातले संग्राहक त्याला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. मला ते नाव खटकतं. अहो, परदेशी सुटे भाग सहज मिळत नव्हते, पावसाळ्यात तबकड्या डागाळत होत्या, आणि गिऱ्हाइकाला सोमवारी ऑफिस गाठायचं होतं. घड्याळजीने हाताशी होतं त्यातून घड्याळ चालू ठेवलं. ती लबाडी नव्हे. तेच घड्याळ 'ओरिजिनल' म्हणून विकलं, तिथे लबाडी सुरू होते.

तरीही, मंडळी, एक विनंती. घरात आजोबांचं घड्याळ असेल तर सफाई करा, तेल घाला, पण तबकडी रंगवू नका. मशीनचे भाग पुन्हा मिळतील. तबकडीवरचे चाळीस वर्षांचे डाग एकदा पुसले की गेलेच.