उपवासाचे मोती

यवतमाळच्या मे महिन्यात दुपारी तीनचा गरम चहा म्हणजे निष्ठेची परीक्षाच. गेल्या एकादशीला आमच्या कन्येने त्यावर तोडगा काढला. कडक चहा साखर घालून उकळला, गाळून थंड केला. भरपूर उकळत्या पाण्यात साबुदाणा पारदर्शक होईपर्यंत शिजवून थंड पाण्यातून काढला आणि साखरेच्या पाकात ठेवला. पेल्याच्या तळाशी जेलीसारखा लुसलुशीत थर, वर बर्फ, चहा आणि थंड दूध. (शिजलेला साबुदाणा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवू नये, तो कडक होतो.)

आईचा उपवास होता. तिने विचारले, “हे उपासाले चालते का वं?”

“आजी, चहा चालतो, दूध चालते, साबुदाणा तर चालतोच!”

आई निरुत्तर झाली. मी मात्र विचारात पडलो.

हे पेय तैवानचे. १९८०च्या दशकात तेथे थंड दूध-चहात टॅपिओकाचे मोती पडले; शोधाचा मान कुणाचा यावर दोन चहागृहांत वाद झाला. टॅपिओका म्हणजे कसाव्याच्या कंदाचे पीठ. आणि आपला साबुदाणाही त्याचाच. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आशियात आलेला. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी १८८०च्या दशकात त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले. ‘साबु’ मात्र मलय भाषेतल्या ‘सागू’चा अपभ्रंश, सागू हा मुळात ताडवर्गीय झाडाच्या गाभ्यातून निघे. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातून येणारा माल थांबला आणि १९४३च्या सुमारास तामिळनाडूतल्या सेलम भागात कसाव्यापासून साबुदाणा बनू लागला. म्हणजे ज्याच्यावर आपली एकादशी उभी आहे तो दाणा जन्माने अमेरिकन आणि नावाने मलय आहे.

चहाचे तसे नव्हते. ऑक्टोबर १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे प्रसिद्ध केली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्तापर्यंत पोहोचले. तोच चहा आज उपवासाला चालतो.

एक परका पदार्थ निमूटपणे पवित्र झाला आणि दुसऱ्याने ग्रामण्य घडवले, असे का? विस्मरण हे एक उत्तर. पण ते पुरेसे नाही. पंचहौदच्या चहात दोष पानाचा नव्हता, पेला पुढे करणाऱ्या हाताचा होता. साबुदाणा वाण्याच्या पोत्यातून आला. त्यामागचा हात कुणाला दिसला नाही. आपल्याकडे वस्तूचे कूळ सहज विसरले जाते, माणसाचे नाही. दलित आत्मकथनांतून वारंवार भेटणारी हॉटेलातली वेगळी कपबशी हेच सांगते. आत चहा तोच असे. कपबशी तेवढी वेगळी असे.

वर्गात देशीवाद शिकवताना ‘आपले’ आणि ‘परके’ हे शब्द आपण फार खात्रीने वापरतो. यापुढे फळ्यावर ते लिहिण्यापूर्वी मी बहुधा क्षणभर थांबेन. कारण त्या दिवशी आईने चहा संपवून तळाचे मोती चमच्याने वेचून खाल्ले, आणि तिचा उपवास मोडला असे घरात कुणालाच वाटले नाही.