संक्रमण आणि संक्रांत

हुकूमशाहीकडून वा वर्णवर्चस्वाकडून लोकशाहीकडे होणाऱ्या प्रवासाला आपण ‘संक्रमण’ म्हणतो. सूर्याने एका राशीतून दुसऱ्या राशीत जावे, तसे काही शांत आणि अटळ या शब्दातून सूचित होते. ‘संक्रांत ओढवणे’ हा वाक्प्रचारही मात्र त्याच कुळातला. दक्षिण आफ्रिकेचा १९९० ते १९९४ हा कालखंड वाचताना आम्हांला हे दोन्ही अर्थ एकत्र ध्यानात ठेवावेसे वाटतात.

फेब्रुवारी १९९० मध्ये अध्यक्ष डी क्लर्क यांनी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवरील बंदी उठवली, नेल्सन मंडेला तुरुंगाबाहेर आले. रूढ कथन येथून थेट एप्रिल १९९४ च्या मतदारांच्या रांगांपाशी पोहोचते. मधल्या चार वर्षांत राजकीय हिंसाचाराने सुमारे १४,००० बळी घेतले.

या हिंसेला नाव कोणते दिले गेले, हा साहित्याच्या अभ्यासकांनी विचारण्याजोगा प्रश्न आहे. ‘काळ्यांविरुद्ध काळे’ हे ते नाव. त्यात जणू जमातींचा पुरातन कलह होता, शासन मात्र कुठेच नव्हते. जुलै १९९१ मध्ये सुरक्षा पोलिसांनी इन्काथा पक्षाला गुप्तपणे पैसे पुरवल्याचे उघड झाले आणि त्या नावातली लबाडीही उघडी पडली. पुढे सत्य व सलोखा आयोगाला एकसूत्री कटाचा पुरेसा पुरावा मिळाला नाही. पण सुरक्षा दलांतील माणसांची जाळी या हिंसेत गुंतली होती, असे त्याने नोंदवले.

ही हिंसा वाटाघाटींच्या दाराबाहेर थांबली नव्हती. १७ जून १९९२ रोजी बोईपाटाँग वस्तीत ४५ जणांची कत्तल झाली आणि काँग्रेसने बोलणी थांबवली. सप्टेंबरमधील समझोत्यात मग कामगारांच्या वसतिगृहांना कुंपण घालण्याचा आणि सार्वजनिक ठिकाणी शस्त्रे मिरवण्यावर बंदीचा मुद्दा आला. १० एप्रिल १९९३ रोजी ख्रिस हानी यांची एका गोऱ्या मारेकऱ्याने हत्या केली. त्यानंतर मंडेलांनी दूरचित्रवाणीवरून देशाला आठवण दिली, की मारेकरी पकडला गेला तो एका गोऱ्या स्त्रीने दिलेल्या माहितीमुळे. पुढे निवडणुकीची तारीख ठरली, ती या हत्येच्या छायेतच.

म्हणून हिंसेला जुन्या राजवटीचा उरलासुरला गाळ मानणे आम्हांला अपुरे वाटते. नव्या सत्तेतील वाट्यासाठी चाललेल्या सौद्यातले ते एक चलन होते. ज्यांनी त्याची किंमत मोजली, ते त्या मेजाभोवती बसलेले नव्हते. ‘शांततापूर्ण संक्रमण’ असे वर्गात सहज म्हणताना एवढे तरी आपण विसरू नये.