गेम ऑफ थ्रोन्सच्या आठव्या पर्वाच्या लेखनावरील टीका

'गेम ऑफ थ्रोन्स' या अमेरिकन कल्पनारम्य दूरचित्रवाणी मालिकेचे आठवे आणि अखेरचे पर्व १४ एप्रिल ते १९ मे २०१९ या काळात एचबीओ वाहिनीवर प्रसारित झाले. सहा भागांच्या या पर्वाने वाहिनीचे प्रेक्षकसंख्येचे विक्रम मोडले. मात्र त्याच्या पटकथेवर चाहत्यांनी आणि अनेक समीक्षकांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. नाराजीचा मुख्य रोख कथेच्या शेवटावर नव्हता, तर त्या शेवटापर्यंत पोहोचताना झालेल्या घाईवर होता. हे पर्व पुन्हा लिहून चित्रित करावे अशी मागणी करणाऱ्या ऑनलाइन याचिकेवर १५ लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या झाल्या. त्याच वर्षी मालिकेला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी पुरस्कारही मिळाला.

पार्श्वभूमी

ही मालिका जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या कादंबरीमालेवर आधारित आहे. मालेतील पहिली कादंबरी १९९६ साली आणि पाचवी, 'अ डान्स विथ ड्रॅगन्स', जुलै २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. दूरचित्रवाणी मालिकेचा आरंभ त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी झाला होता. डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस हे तिचे निर्माते व प्रमुख पटकथाकार होते. चित्रीकरण चालू असतानाच पुढील कादंबऱ्या येतील अशी अपेक्षा होती, परंतु सहावी कादंबरी 'द विंड्स ऑफ विंटर' वेळेत पूर्ण झाली नाही. पाचव्या पर्वात (२०१५) मूळ साहित्य बव्हंशी संपले आणि सहाव्या पर्वापासून कथा पुस्तकांच्या पुढे गेली. २०१३ साली सांता फे येथे झालेल्या भेटीत मार्टिन यांनी शेवटाची ठळक रूपरेषा दोघांना सांगितली होती. त्यामुळे लेखकांच्या हाती मुक्कामाचे ठिकाण होते. वाटेचा नकाशा मात्र नव्हता.

पहिल्या सहा पर्वांत प्रत्येकी दहा भाग होते. सातव्या पर्वात (२०१७) ते सात झाले आणि आठव्यात सहा. भाग अधिक लांबीचे असले तरी एकूण अवकाश कमी झाला. ही मर्यादा वाहिनीने घातलेली नव्हती. एचबीओची मालिका पुढे चालू ठेवण्याची तयारी होती. कथा सुमारे ७३ तासांत संपवण्याचा निर्णय बेनिऑफ आणि वाइस यांचा होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये या दोघांकडे 'स्टार वॉर्स' चित्रपटांचे लेखन सोपवल्याची घोषणा झाली होती. पुढील कामाच्या ओढीने त्यांनी हे काम आवरते घेतले, असा आरोप चाहत्यांनी वारंवार केला. भागसंख्येचा निर्णय त्या घोषणेच्या बराच आधी झालेला असल्याने या आरोपाला कालक्रमाचा आधार मिळत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये ते दोघे त्या प्रकल्पातूनही बाहेर पडले.

कार्यकारणभावाची सवय

चाहत्यांच्या निराशेची तीव्रता समजून घेण्यासाठी मालिकेने आपला प्रेक्षक कसा घडवला होता हे पाहणे आवश्यक ठरते. पहिल्याच पर्वात कथेचा नायक वाटणाऱ्या नेड स्टार्कचा शिरच्छेद होतो, कारण त्याने आपला बेत शत्रूलाच आगाऊ सांगितलेला असतो. तिसऱ्या पर्वातील 'रेड वेडिंग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हत्याकांडात रॉब स्टार्क मारला जातो, कारण त्याने फ्रे घराण्याला दिलेले विवाहाचे वचन मोडलेले असते. दोन्ही घटना धक्कादायक होत्या. पण मागे वळून पाहिले असता त्या अटळ वाटत. अंतरालाही या कथेत महत्त्व होते. पहिल्या भागात राजाचा काफिला विंटरफेलला पोहोचतो तेव्हा त्याला वाटेत एक महिना लागल्याचे सांगितले जाते.

सातव्या पर्वापासून हे बंधन सैल झाले. भिंतीपलीकडे अडकलेल्या तुकडीचा निरोप पक्ष्यामार्फत ड्रॅगनस्टोनला पोहोचतो आणि डेनेरिस ड्रॅगन घेऊन वेळेवर हजर होते, या प्रसंगावर २०१७ मध्येच आक्षेप घेतला गेला होता. त्या भागाचे दिग्दर्शक अ‍ॅलन टेलर यांनी कालगणना हेतुतः धूसर ठेवल्याचे मान्य केले होते. आठव्या पर्वावरील टीका अचानक उद्भवली नाही, असे यावरून दिसते.

प्रमुख आक्षेप

सर्वाधिक वाद डेनेरिस टार्गेरियन या पात्रावरून झाला. गुलामांना मुक्त करणारी ही राणी पाचव्या भागात, 'द बेल्स'मध्ये, शरणागतीच्या घंटा वाजल्यानंतरही किंग्ज लँडिंग हे शहर नागरिकांसह जाळून टाकते. तिच्या क्रौर्याची बीजे आधीपासून होती, हे बहुतेक टीकाकारांना मान्य होते. तिने मीरीनमध्ये १६३ मालकांना सुळी दिले होते आणि सातव्या पर्वात टार्ली पितापुत्रांना ड्रॅगनच्या अग्नीने जाळले होते. परंतु त्या वेळी तिचे बळी सशस्त्र शत्रू किंवा अत्याचारी सत्ताधारी होते. त्यांच्यापासून शरण आलेल्या निरपराध लोकांपर्यंतचा प्रवास दोन-तीन भागांत उरकला गेला, ही तक्रार होती. डेनेरिसविषयी प्रेक्षकांना किती जिव्हाळा होता याचे एक गमतीदार प्रमाण असे की, २०१८ साली अमेरिकेत पाचशेहून अधिक नवजात मुलींचे नाव तिच्या 'खलीसी' या पदवीवरून ठेवले गेले. ही भूमिका करणाऱ्या एमिलिया क्लार्क यांनी संहिता वाचल्यावर आपल्याला रडू आल्याचे आणि त्यानंतर कित्येक तास आपण नुसते चालत राहिल्याचे सांगितले.

दुसरा आक्षेप नाईट किंगच्या अंताविषयी होता. मालिकेचे पहिलेच दृश्य व्हाइट वॉकर्सचे आहे. राजसिंहासनासाठी चाललेली भांडणे त्यांच्या संकटापुढे क्षुल्लक आहेत, हे सूत्र सात पर्वे घोळवले गेले. तिसऱ्या भागात, 'द लाँग नाईट'मध्ये, आर्या स्टार्कच्या एका वाराने ते संकट संपते आणि उरलेल्या तीन भागांत त्याचे फारसे पडसाद उमटत नाहीत. व्हाइट वॉकर्सचा हेतू काय होता, याचेही समाधानकारक उत्तर मिळत नाही. रात्रीच्या युद्धाचा हा भाग इतका काळोखा होता की, पडद्यावर काहीच दिसत नसल्याची ओरड झाली. छायालेखक फेबियन वॅग्नर यांनी आपल्या कामाचे समर्थन करताना प्रेक्षकांच्या दूरचित्रवाणी संचांच्या मांडणीकडे बोट दाखवले.

चौथ्या भागात युरॉन ग्रेजॉयचे आरमार डेनेरिसच्या एका ड्रॅगनचा अचानक वध करते. आकाशातून उडणाऱ्या राणीला समुद्रातील जहाजे कशी दिसली नाहीत, हा प्रश्न साहजिक होता. भागासोबतच्या चित्रफितीत बेनिऑफ यांनी दिलेले स्पष्टीकरण असे, की डेनेरिसला त्या आरमाराचा जणू विसर पडला. हे विधान पुढे संपूर्ण पर्वावरील थट्टेचे घोषवाक्यच बनले. याच भागात मेजावर कागदी कॉफीचा पेला राहून गेला होता. एचबीओने विनोदाने ती चूक मान्य केली आणि नंतर तो पेला चित्रातून पुसून टाकला. ही चूक लेखनाची नसली, तरी निष्काळजीपणाचे प्रतीक म्हणून तिचा उल्लेख होत राहिला.

जेमी लॅनिस्टरविषयीची तक्रार अधिक सूक्ष्म आहे. तिसऱ्या पर्वात तो ब्रियनला सांगतो की, लाखो नागरिकांना जिवंत जाळण्याचा राजाचा बेत रोखण्यासाठीच आपण त्याला ठार केले. अखेरच्या पर्वात हाच जेमी, निरपराध असोत वा नसोत, लोकांची आपल्याला कधीच फारशी पर्वा नव्हती असे म्हणतो आणि सर्सीकडे परततो. मूळच्या दुर्बलतेकडे परतणे मानवी स्वभावाला धरून आहे. परंतु आधीच्या कबुलीजबाबाला छेद देणारे हे वाक्य पात्राच्या तोंडी घातले गेले, असे अनेकांना वाटले.

अखेरच्या भागात टिरियनच्या सूचनेवरून ब्रॅन स्टार्कची राजा म्हणून निवड होते. पाचव्या पर्वात हे पात्र दिसलेही नव्हते. ब्रॅन राजा होणार ही कल्पना मूळ मार्टिन यांची असल्याचे त्याची भूमिका करणारे आयझॅक हेम्पस्टेड राइट यांनी सांगितले आहे. जॉन स्नोच्या खऱ्या जन्माचे रहस्य मात्र वारसानिवडीच्या वेळी निरुपयोगी ठरते.

स्त्री पात्रांच्या चित्रणावरही टीका झाली. मिसांडे या प्रमुख कृष्णवर्णीय पात्राचा साखळदंडांत शिरच्छेद झाल्याबद्दल दिग्दर्शिका अ‍ॅव्हा ड्यूवर्ने यांनी, तर सोसलेल्या अत्याचारांनीच आपल्याला कणखर केले अशा अर्थाच्या सान्साच्या संवादाबद्दल अभिनेत्री जेसिका चॅस्टेन यांनी नापसंती व्यक्त केली. अखेरच्या चार पर्वांत एकही स्त्री लेखक वा दिग्दर्शक नव्हती, याकडे त्या वेळी लक्ष वेधले गेले.

प्रतिसाद

समाप्तीच्या रात्री 'द आयर्न थ्रोन' हा भाग एचबीओवर १ कोटी ३६ लाख प्रेक्षकांनी पाहिला. पुनःप्रसारण आणि आंतरजालावरील प्रेक्षक धरून ही संख्या १ कोटी ९३ लाख झाली. भारतात प्रत्येक भाग हॉटस्टारवर अमेरिकेबरोबरच, म्हणजे सोमवारी सकाळी साडेसहा वाजता उपलब्ध होत असे. परिणामी, समाजमाध्यमांवरील पहिल्या लाटेत भारतीय प्रेक्षकही सामील होते. समीक्षांचे संकलन करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर आधीच्या पर्वांना सुमारे ९० टक्के वा त्याहून अधिक अनुकूल कौल होता. अखेरच्या दोन भागांचा कौल ५० टक्क्यांच्या खाली गेला.

याचिकेत 'सक्षम लेखकां'कडून पर्व पुन्हा लिहून घेण्याची मागणी होती. सान्साची भूमिका करणाऱ्या सोफी टर्नर यांनी ती शेकडो कलाकार-तंत्रज्ञांच्या श्रमांचा अनादर करणारी असल्याचे म्हटले. वाहिनीचे अधिकारी केसी ब्लॉइस यांनी पुनर्निर्मितीचा विचार कधीच झाला नसल्याचे स्पष्ट केले. अशी मागणी अगदीच अभूतपूर्व नव्हती. 'मास इफेक्ट ३' या व्हिडिओ गेमचा शेवट न रुचल्याने खेळाडूंनी केलेल्या गदारोळानंतर निर्मात्यांनी २०१२ साली त्याची विस्तारित आवृत्ती दिली होती. सहा भागांची खर्चिक मालिका पुन्हा चित्रित करणे मात्र निराळी बाब होती, आणि स्वाक्षरी करणाऱ्यांपैकी बहुतेकांनाही ते ठाऊक असावे.

जुलै २०१९ मध्ये सॅन डिएगो कॉमिक-कॉनमधील कार्यक्रमातून बेनिऑफ आणि वाइस यांनी माघार घेतली. एमी पुरस्कारांत या पर्वाला ३२ नामांकने आणि १२ पुरस्कार मिळाले. अखेरच्या भागाला लेखनाचेही नामांकन होते. तो पुरस्कार 'सक्सेशन' या मालिकेला गेला.

मीमांसा

समाजशास्त्रज्ञ झेयनेप तुफेक्ची यांनी मे २०१९ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' नियतकालिकात मांडलेली मीमांसा विशेष गाजली. त्यांच्या मते आरंभीची मालिका समाजशास्त्रीय पद्धतीने कथा सांगत होती. पात्रे संस्था, घराणी आणि परिस्थिती यांच्या दाबाखाली वागत, म्हणूनच मुख्य पात्र मेले तरी कथा थांबत नसे. पुस्तकांचा आधार सुटल्यावर लेखक हॉलिवूडच्या परिचित मानसशास्त्रीय पद्धतीकडे वळले आणि सर्व भार व्यक्तींच्या मनोवृत्तीवर पडला. हे स्पष्टीकरण डेनेरिसला चांगले लागू पडते. आरमाराचा विसर पडण्यासारख्या प्रसंगांना मात्र सिद्धान्ताची गरज नाही. तेथे साधा ढिसाळपणा पुरेसा आहे.

दुसरे स्पष्टीकरण मार्टिन यांनी स्वतः केलेल्या लेखकांच्या वर्गीकरणातून निघते. काही लेखक आधी आराखडा आखणारे वास्तुविशारद असतात, तर काही रोप लावून ते कसे वाढते हे पाहणारे माळी. मार्टिन स्वतःला माळी म्हणवतात. माळ्याने वाढवलेल्या बागेचा शेवट वास्तुविशारदाच्या मुदतीत करण्याची जबाबदारी बेनिऑफ आणि वाइस यांच्यावर आली. लेडी स्टोनहार्ट आणि डेनेरिसचा प्रतिस्पर्धी ठरू शकणारा एगॉन टार्गेरियन ही पात्रे मालिकेत घेतलीच नव्हती, त्यामुळे पुस्तकांतील अनेक वाटा आधीच बंद झाल्या होत्या. मालिका संपल्यावर मार्टिन यांनी आपल्या कादंबऱ्यांचा शेवट काही बाबतींत तसाच आणि काही बाबतींत वेगळा असेल, असे सूचित केले.

नंतरचा काळ

या निराशेमुळे वेस्टेरॉसच्या कथांचा प्रेक्षक कायमचा दुरावेल, असे भाकीत २०१९ मध्ये केले जात होते. २१ ऑगस्ट २०२२ रोजी सुरू झालेल्या 'हाऊस ऑफ द ड्रॅगन' या पूर्वकथेचा पहिला भाग अमेरिकेत पहिल्याच रात्री सुमारे एक कोटी प्रेक्षकांनी पाहिला. ही मालिका मार्टिन यांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'फायर अँड ब्लड' या ग्रंथावर आधारलेली असून, त्यात ड्रॅगनांच्या गृहयुद्धाची हकिकत अखेरपर्यंत लिहिलेली आहे.