धूम्रपान सोडण्यासाठी कुटुंबीयांचे साहाय्य

धूम्रपान सोडण्यासाठी कुटुंबीयांचे साहाय्य म्हणजे विडी, सिगारेट, चिलीम इत्यादींचे सेवन बंद करू इच्छिणाऱ्या व्यक्तीला तिचा जोडीदार, आईवडील, मुले, भावंडे व मित्र यांच्याकडून मिळणारा भावनिक आणि व्यावहारिक आधार होय. धूम्रपान सोडण्याचा निर्णय त्या व्यक्तीलाच घ्यावा लागतो. तथापि घरातील माणसांच्या वागणुकीचा तिच्या प्रयत्नाशी जवळचा संबंध असतो. टोमणे मारणे, पाळत ठेवणे व वारंवार उपदेश करणे हे प्रयत्नाला मारक ठरू शकते, तर प्रोत्साहन, संयम आणि घरातील इतरांनीही धूम्रपान सोडणे हे उपकारक ठरते.

पार्श्वभूमी

धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांतील संबंध दाखवणारा रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचा अभ्यास १९५० साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९५१ साली त्यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. २००४ साली या अभ्यासाचे पन्नास वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांनुसार आयुष्यभर धूम्रपान करणारे पुरुष धूम्रपान न करणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे १० वर्षे आधी मरण पावतात. वयाच्या ६०, ५०, ४० किंवा ३० व्या वर्षी धूम्रपान सोडल्यास आयुर्मानात अनुक्रमे सुमारे ३, ६, ९ व १० वर्षांचा लाभ होतो. ‘आता या वयात सोडून काय उपयोग’ असा विचार वयस्कर व्यक्ती आणि त्यांचे कुटुंबीय पुष्कळदा करतात. वरील निष्कर्ष त्याला छेद देतात.

निकोटीनचे अवलंबित्व

तंबाखूच्या धुरातील निकोटीन झुरका घेतल्यावर काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचते आणि तेथे डोपामाइन या रसायनाचे स्रवण वाढवते. रक्तातील निकोटीनचे प्रमाण साधारणतः दोन तासांत निम्मे होते. त्यामुळे नियमित धूम्रपान करणाऱ्याला दिवसभर पुनःपुन्हा तलफ येते. सकाळी उठल्यापासून पहिली सिगारेट किंवा विडी किती वेळात ओढली जाते, हा अवलंबित्वाच्या तीव्रतेचा एक महत्त्वाचा निकष मानला जातो. फागरस्ट्रॉम चाचणीत या प्रश्नाचा समावेश आहे.

धूम्रपान थांबवल्यावर चिडचिड, अस्वस्थता, उदासी, एकाग्रतेचा अभाव, झोपमोड आणि वाढलेली भूक ही लक्षणे दिसतात. ती काही तासांतच सुरू होतात, पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक तीव्र असतात आणि बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. या काळातील चिडचिड हा निकोटीनच्या अभावाचा परिणाम असतो. हे ठाऊक नसल्यास घरातील माणसे ती रागावलेली वाक्ये मनाला लावून घेतात, वाद वाढतो आणि ‘यापेक्षा ओढत होता ते बरे’ असे उद्गार निघतात. असे उद्गार पुन्हा धूम्रपानाकडे वळण्यास निमित्त ठरू शकतात.

संशोधन

शेल्डन कोहेन व एडवर्ड लिक्टेनस्टाइन यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जोडीदाराच्या वर्तनाचे साहाय्यक आणि नकारात्मक असे दोन प्रकार केले होते. यश आल्याबद्दल कौतुक करणे, तलफ आली असता मन दुसरीकडे वळवण्यास मदत करणे हे पहिल्या प्रकारात, तर कटकट करणे आणि इच्छाशक्तीविषयी शंका घेणे हे दुसऱ्या प्रकारात मोडते. नकारात्मक वर्तनाच्या तुलनेत साहाय्यक वर्तनाचे प्रमाण जितके अधिक, तितकी धूम्रपानापासून दूर राहण्याची शक्यता अधिक, असे त्यांना आढळले.

निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांचा २००८ सालचा अभ्यास अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील १२,०६७ व्यक्तींच्या १९७१ ते २००३ या काळातील नोंदींवर आधारलेला होता. पती वा पत्नीने धूम्रपान सोडल्यास जोडीदाराने धूम्रपान करण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात दिसले. मित्राच्या बाबतीत ही घट ३६ टक्के, तर भावंडाच्या बाबतीत २५ टक्के होती.

मात्र जोडीदाराला आधार देण्याचे मुद्दाम प्रशिक्षण दिल्याने दीर्घकालीन यश वाढते, असे या विषयावरील प्रयोगांच्या कॉक्रेन समीक्षांतून निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. त्यामुळे कुटुंबाचा आधार हा समुपदेशन व औषधोपचार यांना पूरक समजला जातो. तो त्यांचा पर्याय नव्हे.

साहाय्याचे स्वरूप

निर्णयापूर्वी: जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेंटी यांच्या प्रारूपानुसार सवय बदलणारी व्यक्ती विचार नसणे, विचार सुरू होणे, तयारी, कृती आणि बदल टिकवणे अशा अवस्थांतून जाते. ज्याच्या मनात सोडण्याचा विचारच नाही, त्याच्यापुढे रोगांची यादी वाचल्याने तो बहुधा स्वतःच्या सवयीचे समर्थन करू लागतो. अशा वेळी सोडावेसे कधी वाटले होते का, मागील प्रयत्न कशामुळे फसला, असे खुले प्रश्न विचारून उत्तर शांतपणे ऐकणे अधिक उपयुक्त ठरते. नातवाच्या जन्मासारखा प्रसंग, शस्त्रक्रिया किंवा डॉक्टरांचा सल्ला यांमुळे विचाराला चालना मिळू शकते.

तयारी: सोडण्याची तारीख त्या व्यक्तीनेच ठरवणे इष्ट असते. त्या तारखेपूर्वी घरातील सिगारेटी, विड्या, काडेपेट्या, लायटर व राखदाण्या तिच्या संमतीने काढून टाकल्या जातात. लपवलेले पाकीट शोधून परस्पर फेकून दिल्यास विश्वास कमी होतो आणि धूम्रपान चोरून होऊ लागते. चहा, जेवणानंतरचा वेळ, मद्यपान, रात्रपाळी यांपैकी कोणत्या प्रसंगी तलफ येते याची नोंद करून त्या वेळेसाठी दुसरे काही योजता येते. जेवणानंतर सोबतीने फेरी मारणे हा असाच एक साधा उपाय आहे.

पहिले आठवडे: तलफेचा जोर साधारणतः काही मिनिटे टिकतो. तेवढा वेळ पाणी पिणे, बडीशेप किंवा लवंग चघळणे, दीर्घ श्वास घेणे, कोणाशी तरी बोलणे अशा उपायांनी निभावून नेता येतो. तंबाखूच्या धुरातील घटकांमुळे यकृतात कॅफीनचे विघटन वेगाने होते. धूम्रपान थांबल्यावर हा वेग मंदावतो आणि नेहमीइतकाच चहा-कॉफी घेतल्यास अस्वस्थता व निद्रानाश वाढतो. म्हणून या काळात घरातील चहा-कॉफीचे प्रमाण कमी करणे हितावह असते. याच कारणाने थिओफिलिन, क्लोझापिन यांसारख्या काही औषधांची मात्रा बदलावी लागते; त्यामुळे इतर औषधे चालू असल्यास धूम्रपान सोडल्याचे डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते. पहिल्या वर्षात सरासरी चार ते पाच किलोग्रॅम वजन वाढू शकते. त्यावरून केलेली थट्टा निरुत्साह वाढवते.

औषधोपचार: निकोटीनयुक्त च्युइंगगम, गोळ्या व त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या तसेच बुप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लीन ही औषधे वापरली जातात. ‘मनाचा निश्चय हवा, औषध कशाला’ ही समजूत चुकीची आहे. निकोटीन च्युइंगगम साध्या च्युइंगगमसारखे सतत चघळायचे नसते. सावकाश चघळून झिणझिणी जाणवताच ते गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवले जाते. बुप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लीन ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घेतली जातात. फेफऱ्याचा विकार असलेल्यांना बुप्रोपिऑन दिले जात नाही.

पुन्हा धूम्रपान घडल्यास

कोणत्याही मदतीविना केलेल्या एकेका प्रयत्नात वर्षभर यश टिकवणाऱ्यांचे प्रमाण अल्प असते आणि बहुतेकांना एकाहून अधिक प्रयत्न करावे लागतात. एखादी सिगारेट ओढली जाणे आणि जुनी सवय पूर्ववत होणे यांत फरक केला जातो. पहिल्या प्रसंगी ‘मला ठाऊकच होते’ अशी प्रतिक्रिया मिळाल्यास व्यक्ती पुढच्या वेळी सत्य लपवते. कोणत्या प्रसंगी संयम सुटला हे दोषारोप न करता समजून घेतल्यास पुढील प्रयत्नाची तयारी अधिक चांगली होते.

घर आणि इतर सदस्य

व्यक्ती धूम्रपान सोडण्यास तयार नसली तरी घरातील मुले, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांना धुरापासून संरक्षण मिळणे आवश्यक असते. खिडकी उघडल्याने किंवा दुसऱ्या खोलीत धूम्रपान केल्याने धुरातील घातक घटक पूर्णपणे दूर होत नाहीत. म्हणून घर व वाहन पूर्णतः धूरमुक्त ठेवण्याची शिफारस केली जाते. हा नियम व्यक्तीविरुद्ध नसून घरासाठी आहे, असे मांडल्यास तो स्वीकारला जाण्याचा संभव वाढतो. आधार देणाऱ्यांवरही ताण येतो. प्रयत्न अयशस्वी झाल्यास त्याचा दोष पत्नी, आई किंवा मुलांवर येत नाही.

भारतातील स्थिती

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करत होते. धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण १०.७ टक्के होते आणि त्यांपैकी ५५.४ टक्के जण सोडण्याचा बेत किंवा विचार करत होते. ३८.७ टक्के प्रौढांना घरातच इतरांच्या धुराला सामोरे जावे लागत होते.

महाराष्ट्रात धूम्रपानाचे प्रमाण ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखूचे प्रमाण २४.४ टक्के आढळले. त्यामुळे विडी सोडणारी व्यक्ती चुन्यासोबत मळलेल्या तंबाखूकडे वळण्याचा धोका येथे विशेष आहे. घरात कोणी तंबाखू खात असेल किंवा मिश्री लावत असेल, तर तो धोका वाढतो. असा बदल ही व्यसनमुक्ती नव्हे. धूरविरहित तंबाखूमुळेही मुखाचा कर्करोग होतो. ई-सिगारेटचे उत्पादन व विक्री यांवर भारतात २०१९ पासून बंदी आहे.

केंद्र सरकारने २०१६ साली १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा सुरू केली. दिल्लीतील वल्लभभाई पटेल छाती संस्थेतून ही सेवा सुरू झाली. सप्टेंबर २०१८ पासून हा क्रमांक तंबाखूजन्य पदार्थांच्या वेष्टनांवर छापला जातो.