लग्नाची डीव्हीडी लावायची आहे? स्वस्त प्लेअर घेताना एवढं बघा

लग्नाच्या, कीर्तनाच्या डीव्हीडी घराघरांत कपाटात पडून आहेत, पण लावायला प्लेअर नाही. मिळतो तो बहुधा वापरलेला. घेण्याआधी घरच्या टीव्हीची मागची बाजू बघावी. पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांची जागा असेल तर साधा प्लेअर चालतो. नसेल तर एचडीएमआयवालाच घ्यावा, नाहीतर नुसता डबा घरात आणून ठेवल्यासारखं होतं.

दुकानात जाताना आपलीच डिस्क न्यावी. दुकानदार सिनेमाची कंपनीची डिस्क लावून दाखवतो, ती सहज पळते. लग्नाची डिस्क रेकॉर्ड केलेली असते, लेन्स कमजोर असली की तिथेच अडकते. डिस्क मधून कडेकडे वाचली जाते, म्हणून शेवटचा भाग, म्हणजे पाठवणी, नक्की लावून बघावी. अर्धा तास चालवावा, ट्रे चार वेळा आत-बाहेर करावा. रिमोट सोबत आहे ना, तेही बघावं.

यूएसबीचं तोंड आहे म्हणून डिस्क पेनड्राईव्हवर उतरेल असं समजू नये. बहुतेक प्लेअरमध्ये ते फक्त लावून बघण्यापुरतं असतं. उतरवायचं काम डीव्हीडी ड्राईव्ह असलेल्या कॉम्प्युटरवर होतं. ते लवकर करावं. उन्हात, उकाड्यात राहिलेली रेकॉर्ड केलेली डिस्क हळूहळू उडते, मग प्लेअर कितीही चांगला असला तरी चित्र येत नाही.