आपली जुनी मुंबई आणि आपली म्युनिसिपालिटी



गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या मंडळात एक वाद रंगला होता, तो पुष्कळजणींना आठवत असेल. एका भगिनीने म्हटले, "जुन्या इमारती सरकारने जपल्या पाहिजेत." त्यावर दुसरी ताडकन् म्हणाली, "जपा की! पण आमच्या माजघरात पावसाळ्यात तीन पातेली मांडावी लागतात, ती कोणी जपायची?" सर्वजणी हसल्या, तिळगूळ वाटला गेला आणि वाद तेथेच राहिला. माझ्या मनातून मात्र तो जाईना. मी काही इतिहासाची अभ्यासक नव्हे. तरी वाचून, विचारून आणि प्रत्यक्ष पाहून जे समजले, ते ह्या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवीत आहे.

जुन्या वास्तू जपण्याची हौस आपल्या कारभाऱ्यांना पूर्वीपासून होती असे कोणी समजू नये. मुंबईचा कोट, म्हणजे किल्ल्याची तटबंदी, पाडली ती सरकारनेच. सर बार्टल फ्रिअर हे १८६२ साली मुंबईचे गव्हर्नर झाले व त्यांच्या कारकिर्दीत हे तट जमीनदोस्त झाले. शहर वाढत होते, हवा खेळती राहत नव्हती, रस्ते अपुरे पडत होते. त्या वेळच्या दृष्टीने ते योग्यही असेल. परंतु तटाला जे दरवाजे होते त्यांतला एकही आज उभा नाही. आपण रोज 'चर्चगेट'चे तिकीट काढतो. गेट मात्र नावापुरतेच उरले आहे.

गंमत अशी, की ज्या फ्रिअरसाहेबांच्या काळात तट पडले, त्यांच्याच हस्ते १९ नोव्हेंबर १८६२ रोजी भायखळ्याला एका सुंदर इमारतीची कोनशिला बसली. ती इमारत म्हणजे राणीच्या बागेतले संग्रहालय. पूर्वी त्याला 'व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियम' म्हणत. १९७५ सालापासून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतात. त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगते, कारण वास्तू कशी जन्मते, कशी झिजते आणि मनावर घेतले तर पुन्हा कशी उभी राहते, हे सारे तीत आहे.

१८५१ साली लंडनला मोठे प्रदर्शन भरले होते. त्यानंतर मुंबईतही इथल्या वस्तूंचा, धान्याचा, कापडाचा, हस्तकौशल्याचा संग्रह असावा असे ठरून कोटातल्या लष्करी बराकीत तो मांडण्यात आला. पुढे १८५७ च्या धामधुमीत लष्कराला आपली जागा परत हवी झाली. वस्तू घाईघाईने हलविण्यात आल्या आणि त्यात पुष्कळ नासधूस झाली. बिऱ्हाड घाईने हलविताना काचसामानाचे काय होते ते आपल्याला ठाऊकच आहे! त्यानंतर संग्रहालयाला स्वतःची इमारत हवी म्हणून लोकांकडून वर्गणी गोळा करण्यात आली. ह्या खटपटीत डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट हे पुढे होते. भाऊ दाजी मूळचे गोव्याकडचे. ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या डॉक्टरांपैकी एक. जुने शिलालेख वाचण्याचा त्यांना नाद होता आणि मुंबईच्या नगरपालाचा, म्हणजे शेरीफचा मान त्यांना दोन वेळा मिळाला.

पैसा जमला, काम सुरू झाले, आणि मध्येच दिवाळे निघाले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ साली ते युद्ध संपले, भाव कोसळले, शेअरच्या नादी लागलेले भलेभले रस्त्यावर आले. संग्रहालयाचे काम रखडले. शेवटी सरकारने पदरचा पैसा घालून ते पुरे केले आणि २ मे १८७२ रोजी ते लोकांसाठी उघडले. कोनशिलेपासून मोजली तर दहा वर्षे लागली.

त्याच १८७२ साली मुंबईच्या म्युनिसिपालिटीचा नवा कायदा झाला, हाही योग लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यापूर्वी आर्थर क्रॉफर्ड हे कमिशनर होते. त्यांनी क्रॉफर्ड मार्केटसारखी मोठी कामे केली. ते मार्केट १८६९ साली बांधून झाले. आज आपण त्याला महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतो. परंतु क्रॉफर्डसाहेबांचा हात फार सढळ होता आणि करदात्यांची ओरड झाली. नव्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका आली व त्यांतले निम्मे सभासद कर भरणाऱ्यांनी निवडावयाचे ठरले. आपल्या पैशाचा हिशेब मागण्याचा हक्क मुंबईकरांना असा मिळाला. पण त्या मतदारांत आपल्यासारख्या बायका नव्हत्या, हेही सांगितले पाहिजे.

पुढे हे संग्रहालय म्युनिसिपालिटीकडे आले. वर्षे गेली. छत गळू लागले, ओल चढली, जुन्या रंगांवर नवे रंग चढत गेले. माझ्या लहानपणी आम्ही राणीच्या बागेत जात असू ते हत्ती आणि माकडे पाहायला. त्या इमारतीत पाऊल टाकले तर अंधार आणि कुबट वास, म्हणून वडील म्हणत, "चला, आईस्क्रीम खाऊ." आमच्यासारखी कितीतरी कुटुंबे त्या दारावरून तशीच पुढे गेली असतील.

मग २००३ साली महापालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि 'इंटॅक' ही वारसा जपणारी संस्था ह्या तिघांचा करार झाला. वास्तू पालिकेची, पैशाचा हातभार प्रतिष्ठानचा आणि जाणकारी संस्थेची. वास्तुतज्ज्ञ विकास दिलावरी ह्यांच्या देखरेखीखाली काम झाले. साचलेले रंगांचे थर काढून खालचे मूळ रंग शोधण्यात आले, छतावरील नक्षीवर पुन्हा सोनेरी वर्ख आला, लोखंडी खांब आणि फरशी उजळली. २००५ साली ह्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले. आपल्या मंडळाची सहल तेथे गेली होती तेव्हा मातीच्या त्या लहान लहान बाहुल्या, निरनिराळ्या जमातींची पागोटी आणि धंदे पाहताना आपल्या वयस्क भगिनींचे पाय निघत नव्हते. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे, त्याचीही मौज ऐकण्यासारखी आहे. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यावयाचे चालले होते. उचलताना यारी मोडली, हत्ती फुटला आणि म्हणून तो आपल्याकडे राहिला. पुढे तुकडे जोडून त्याला उभे करण्यात आले.

एक इमारत सुधारली, पण शहरभर पसरलेल्या बाकीच्या वास्तूंचे काय? त्यासाठी १९९५ साली बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली आली. शहराच्या पातळीवर अशी नियमावली होण्याची आपल्या देशातली ही पहिलीच वेळ. सहाशेंहून अधिक वास्तू व परिसर यादीत घालून त्यांच्या तीन श्रेणी केल्या. पहिल्या श्रेणीतील वास्तूला जवळजवळ हात लावावयाचा नाही. दुसरीत काही मोकळीक. तिसरीत त्याहून अधिक. बदल करावयाचा तर आयुक्तांनी वारसा समितीचा सल्ला घ्यावयाचा. मालकाचे नुकसान होऊ नये म्हणून अशीही सोय केली, की त्या जागेवर जितके बांधता आले असते त्याचा हक्क त्याने दुसरीकडे वापरावा किंवा विकावा. पुढे २००४ साली बोरीबंदरचे स्टेशन आणि २०१८ साली ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारती जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, ह्यात त्या नियमावलीचा वाटा निश्चित आहे.

मात्र यादीत नाव गेले म्हणजे इमारत वाचली असे नाही. काळ्या घोड्याजवळची वॉटसन हॉटेलची इमारत पाहा. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडहून तयार करून आणलेला. ७ जुलै १८९६ रोजी आपल्या देशातले पहिले चलच्चित्र तेथे दाखविण्यात आले. ती वारसा यादीत होती, तरी २००५ साली तिचा काही भाग कोसळला आणि २०१९ साली ती रिकामी करावी लागली. यादीत नाव होते, पण वेळच्या वेळी दुरुस्ती झाली नाही.

दुरुस्ती का होत नाही, ह्याचे मूळ फार मागे आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने घरभाडी १९४० च्या पातळीवर थांबली. युद्धानंतरच्या टंचाईत गरीब भाडेकरूंना त्याने तारले, हे विसरून चालणार नाही. पण भाडे तेवढेच आणि सिमेंट, लाकूड, मजुरी मात्र वाढतच गेली. मालकाने हात आखडता घेतला. इमारती पडू लागल्या तेव्हा १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला आणि भाडेकरूंकडून उपकर घेऊन दुरुस्त्या सुरू झाल्या. अशा उपकराच्या इमारती एकोणीस हजारांहून अधिक होत्या. एवढा मोठा डोंगर एका मंडळाला कसा उचलावा?

आता आपल्या दारात येते. २०१२ साली वारसा यादीत भर घालण्यासाठी नऊशेंहून अधिक नावांची नवी यादी प्रसिद्ध झाली आणि तीत आपला शिवाजी पार्कचा परिसर होता. त्या वेळी केवढी खळबळ उडाली! पुनर्बांधणी अडली तर काय, ह्या भीतीने पुष्कळांनी हरकती घेतल्या. खोटे कशाला सांगू, आमच्या इमारतीच्या हरकतपत्रावर माझीही सही आहे. सासूबाईंना गुडघ्यांनी जिना चढवत नव्हता आणि स्वयंपाकघराचा सज्जा टेकूवर उभा होता. तेव्हा मला वारसा दिसला नाही, टेकू तेवढा दिसला.

सही करून परतताना सासूबाईंनी मला विचारले, "ह्या मैदानाला शिवाजी पार्क नाव कोणी दिले, माहीत आहे का?" मला ठाऊक नव्हते. म्युनिसिपालिटीने १९२५ साली हे मैदान खुले केले तेव्हा ते 'माहीम पार्क' होते. १९२७ साली अवंतिकाबाई गोखले ह्या नगरसेविकेच्या आग्रहाने त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. मतदानाचा हक्क नसलेल्या बायकांचा काळ मी वर सांगितला. त्यानंतर पंचावन्न वर्षांनी एका बाईने म्युनिसिपालिटीत बसून एवढे करून दाखविले.

माझी ती सही चुकीची होती असे मी आजही म्हणत नाही. पण तिच्याबरोबर आणखी एक अर्ज जावयास हवा होता, तो आम्ही केला नाही. "आमची इमारत सुंदर आहे असे तुम्ही म्हणता, आम्हांलाही ती आवडते, तर मग तिची दुरुस्ती कशी होईल, पैसा कोठून येईल आणि म्हाताऱ्या माणसांना जिन्याची सोय कशी होईल ते सांगा," असे आम्ही विचारावयास हवे होते. भायखळ्याच्या संग्रहालयाला तिघांनी मिळून हात दिला. पण तेथे कोणाचा संसार नव्हता. जेथे माणसे राहतात तेथे चौथा हात राहणाऱ्यांचा हवा आणि त्यांचे म्हणणे यादी करण्यापूर्वी ऐकले गेले पाहिजे.

म्हणून मंडळाला माझी एक नम्र सूचना आहे. येत्या वर्षी आपण आपल्या भागातील जुन्या इमारतींची एक वही करावी. इमारत कोणत्या साली बांधली, जिना कसला, खिडक्या कशा, गळते कोठे, राहणारे किती, हे ज्या त्या इमारतीतल्या भगिनीने लिहावे. पुढे कोणतीही यादी निघाली तर ती वही घेऊन आपल्यातल्या चौघीजणींनी वॉर्ड ऑफिसात जावे. पहिले पान मी आमच्या इमारतीचे लिहीन. त्यात टेकूही लिहीन, आणि जिन्याच्या कठड्यावरचे लाकडी कमळही लिहीन.