रक्तवर्ण मक्षिकापाश

माशी पानावर बसलेली आपण नित्य पाहतों. परंतु पानच माशीला गिळतें, हें अठराव्या शतकांतील पंडितांस खरें वाटेना. १७५९ सालीं अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायनाचे गव्हर्नर आर्थर डॉब्स यांनीं अशा एका वनस्पतीची वार्ता लंडनला पीटर कॉलिन्सन यांस पत्रानें कळविली. १७६८ सालीं जॉन एलिस यांनीं तिचें ‘डायोनिया मस्किप्युला’ असें नामकरण केलें. पहिला शब्द व्हीनस देवतेचा. दुसऱ्याचा लॅटिन अर्थ मात्र उंदराचा सांपळा! कीटक हेंच तिचें अन्न, हें एलिस यांचें अनुमान थोर लिनीअस यांस पटलें नाहीं. अखेर १८७५ सालच्या ग्रंथांत डार्विन यांनीं तें प्रयोगांनीं सिद्ध केलें.

ही वनस्पति मूळची दोन्ही कॅरोलायनांच्या किनाऱ्यालगतच्या ओलसर, निकस जमिनींतली. तेथील नत्राची उणीव ती कीटकांवर भागविते. पानाच्या प्रत्येक दळावर बहुधा तीन केंस असतात. सुमारें वीस सेकंदांत दोनदां स्पर्श झाला तरच दळें मिटतात. पावसाच्या एका थेंबानें ती सहसा फसत नाहीं!

रानांत हिचें पान हिरवें आणि सांपळ्याची आंतली बाजू तेवढी लालसर असते. परंतु १९९६ सालीं नोंदलेला ‘आकाई र्‍यू’, म्हणजे जपानी भाषेंत ‘लाल ड्रॅगन’, हा प्रकार भरपूर उन्हांत आपादमस्तक मद्यासारखा लाल होतो. बियांपासून तोच गुण हुबेहूब उतरेल अशी शाश्वती नसल्यामुळें कंद विभागून, पानांपासून किंवा प्रयोगशाळेंत ऊतकांपासून त्याचीं रोपें करतात. म्हणजे एकाच रोपाचें आयुष्य हजारों कुंड्यांतून चालू राहतें.

इतकीं रोपें सुलभ असतांही रानांतून चोरी होत राहिली. म्हणून २०१४ सालीं नॉर्थ कॅरोलायनानें ती चोरी गंभीर गुन्हा ठरविली. कुंडींतील सौंदर्य एका रोपाचें. रानांतील विविधता साऱ्या जातीचें भांडवल. तें बुडालें, तर उद्यांचा नवा रंग कोठून यावयाचा?

आपल्या कासच्या पठारावरील दवबिंदू ही हिच्याच कुळांतली. पावसाळ्यांत तिच्यापाशीं वांकून अवश्य पाहावें. हात मात्र आंवरावा.